काशीच्या मोहोराचं प्रदर्शन

आम्हा कलमं बांधणाऱ्या मंडळींचे किस्से रायवळ आंब्यांसारखे. एक उचलायला वाकावं, तोवर पाठीमागे दोन पडतात! त्यातले निम्मे तरी माझ्या जोडीदाराचे, भागोजीचे. मी बोलतो कमी, म्हणून ते माझ्यापाशी साठून राहिले.

तेहतीस-चौतीस सालची गोष्ट. रत्नागिरीत एका ड्रॉइंग मास्तरांनी शाळेच्या हॉलात झाडाफुलांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. त्यात भागोजीच्या मुलीचं, काशीचं, एक चित्र होतं. आंब्याचा मोहोर. काशीने बापाला बजावलं होतं, "लोक हसले तर मास्तरांचे रंग परत देऊन टाकीन. पुन्हा हात लावणार नाय!" आणि स्वतः घरीच बसली.

भागोजीला अन्न जाईना. मला म्हणाला, "धोंड्या, तू चल रे. एकटा गेलो तर दारातूनच परत येईन."

*

भागोजीने गिरणीतल्या भावाचा कोट चढवला. हॉलच्या दारात वहाणा काढल्या. मीही काढल्या. मागून येणाऱ्यांना वाटलं, इथला तसा नेमच असेल. बघता बघता पायरीवर वहाणांचा ढीग!

मास्तर बाहेर येऊन बघतात तर एक साहेब पायरीवर बसून बुटाच्या नाड्या सोडतोय. "हे कोणी सुरू केलं?" मास्तर म्हणाले.

भागोजी म्हणाला, "मास्तर, आत भिंतीवर तुळस लावलीय ना तुम्ही? मग?"

*

आत कोहळ्याच्या वेलाचं चित्र होतं. इवलासा कोहळा, टोकाला फूल अजून तसंच. एक वकील बोट रोखून बायकोला तो दाखवत होते. भागोजीने धावत जाऊन त्यांचा हातच धरला!

"साहेब, बोट वाकडं करा! कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवलं की ते कुजतं."

"अहो, हा कागदाचा आहे!"

"कागदाचा असला तरी कोवळा हाय ना?"

वकिलीणबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांनी मुकाट्याने बोट वाकवलं. संध्याकाळपर्यंत सगळा हॉल वाकड्या बोटाने चित्रं दाखवत होता.

*

हातखंब्याहून दोघे भाऊ आले होते. फणसाच्या चित्रापुढे त्यांची जुंपली. धाकटा म्हणे हा घट्ट गऱ्यांचा कापा, थोरला म्हणे छे, हा लिबलिबीत बरका!

"बाहेरून कळतंय होय तुला?"

"मग फोडून बघू!"

मास्तर जे चित्राला पाठ लावून उभे राहिले, ते दोघे भाऊ पायऱ्या उतरेपर्यंत हलले नाहीत.

*

काशीचा मोहोर अगदी शेवटच्या भिंतीवर. भागोजी चित्राकडे पाठ करून उभा राहिला. त्याला माणसांची तोंडं बघायची होती. मी म्हटलं, "अरे, एकदा बघ तरी. मोहोरावरचा तुडतुडा किडासुद्धा काढलाय पोरीने."

"तू बघ. मी ह्यांना बघतोय."

तेवढ्यात दोन कारकून चित्रासमोर आले आणि खो खो हसले. भागोजीचं तोंड पांढरं पडलं. मी कधी अनोळखी माणसाशी बोलत नाही, पण त्या दिवशी पुढे झालो. "काय हो, हसायला काय झालं?"

"अहो, ते फणसवाले भाऊ! अजून बाहेर भांडतायत!"

भागोजीने कोटाच्या बाहीने कपाळ पुसलं.

*

मग एक कोळीण आली. माशांची पाटी बाहेर ठेवून, नात कडेवर घेऊन. मोहोरापुढे उभी राहिली ती हलेचना. हसली मात्र नाही. भागोजी तिच्या तोंडाकडे बघतोय.

शेवटी तिने नातीच्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि चित्राच्या कोपऱ्यात एक टिपका लावला. मग शांतपणे निघून गेली.

मास्तर ओरडतच आले. "अरे, अरे! नवं चित्र!" त्यांनी खिशातून रुमाल काढला, तसा भागोजी मध्ये आला.

"पुसू नका, मास्तर." एवढंच म्हणाला. आणि मग पहिल्यांदा वळून त्याने मुलीचं चित्र बघितलं. बराच वेळ बघितलं.

घरी आलो तेव्हा काशी घरापुढच्या खळ्यात उभी होती. हातातला झाडू तसाच. विचारायचा धीर तिला होईना.

भागोजीने कोट काढला, नीट घडी घातली, ओट्यावर टेकला.

"तीट लावली गो," तो म्हणाला, "तुझ्या मोहोराला."