चन्नबसम्मांची राखीव दाढ

चन्नबसम्मा म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. आख्ख्या सोनपेठात इतकं जपून वागणारी दुसरी बाई सापडायची नाही. नवी वस्तू वापरली की झिजते, हा त्यांचा पक्का हिशेब. घरात नवा माठ आला तरी पाणी जुन्याच माठातलं प्यायचं. त्यांच्याशी वाद घालून मी थकले. माझे मालक विरेश तर त्या भानगडीतच पडत नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात आत्यांची उजवीकडची दाढ किडली. डावीकडच्या दाढा आधीच गेलेल्या. ही पण गेली असती तर रोज दुधात कुस्करलेल्या भाकरीचा काला खायची वेळ आली असती. आणि काला खाणं म्हणजे माणूस अंथरुणाला लागलं, असं आत्या मानतात. मी त्यांना परभणीला डॉक्टर मनिषाबाईंकडे नेलं. बाईंनी कीड काढली, नस साफ करून दाढ भरली, चहूबाजूंनी थोडी घासली, माप घेतलं आणि पुढच्या खेपेला वर दाताच्याच रंगाची कॅप बसवली. दोन्ही वेळा ब्रश करा, हिरडीची कड नीट घासा, सुपारी फोडू नका, सहा महिन्यांनी दाखवायला या, असं बजावलं. आत्यांनी सगळ्याला मान डोलावली.

थंडी पडायला लागली तशा आत्या भाकरीबरोबर दूध मागायला लागल्या. मला शंका आली. तोंड उघडायला लावलं तर कॅपभोवतीची हिरडी लालभडक सुजलेली आणि वास येत होता. खोदून विचारल्यावर कळलं की आत्या बाकीचे दात घासायच्या, पण त्या दाढेला ब्रश लावायच्याच नाहीत. तिच्यावर घासही चावायच्या नाहीत.

"हुरड्यासाठी ठेवलीय," त्या शांतपणे म्हणाल्या. "रोजच्या भाकरीला कशाला झिजवू?"

मी कपाळाला हात लावला. काला खावा लागू नये म्हणून दाढ वाचवली, आणि आता दाढ वाचवायला बाई काला खात होत्या. मला हसू आलं नाही, संताप आला. दुसऱ्याच दिवशी त्यांना एसटीत बसवलं.

मनिषाबाईंनी एक्स-रे काढला. मूळ अजून मजबूत होतं. आणखी उशीर झाला असता तर दाढ उपटावी लागली असती, असं त्या म्हणाल्या. कडेला साचलेलं सगळं साफ करून त्यांनी आत्यांच्या हातात आरसा दिला.

"कॅप किडत नाही, आजी. पण आतली दाढ तुमचीच आहे. ती किडते. चावा, आणि घासा."

मग कॅपच्या कडेनं बारीक दोरा कसा फिरवायचा तेही शिकवलं.

येताना एसटीत आत्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. डॉक्टरांचं बोलणं लागलं असेल, असं मला वाटलं. मग बाहेर बघतच त्या म्हणाल्या, "ही बी बिघडली असती तर दुसऱ्या खेपेला कोण नेणार होतं गं मला? म्हणून ठेवली व्हती."

माझा राग कुठल्या कुठे गेला. पण गोड बोलायची मला सवय नाही.

"मग आज कुणी आणलं, भुतानं?" मी म्हणाले. "दहा खेपा नेईन. तुमी फक्त चावा."

संध्याकाळी जेवताना त्यांनी भाकरीचा तुकडा उजवीकडे सरकवला आणि घाबरत घाबरत दाबला. मग चावला. दुधाची वाटी माझ्याकडे ढकलली आणि आणखी अर्धी भाकरी मागितली.