धोंडूदादांचा दम

एक कामगार आम्ही बाहेर काढून ॲम्ब्युलन्सवाल्यांच्या ताब्यात दिला, आणि धोंडूदादा लगेच नवा सिलिंडर मागायला लागले. महाडच्या एमआयडीसीतलं गोदाम धुरानं भरलेलं. दुसरा कामगार अजून आतच होता.

आम्हा अग्निशमन जवानांचा बीए सेट म्हणजे पाठीवर दाबून भरलेल्या हवेचा सिलिंडर आणि तोंडावर घट्ट मास्क. सिलिंडरमध्ये नुसता ऑक्सिजन नसतो, साधी हवाच. धुरापासून वाचवतो, पण पाठीवर ओझं, अंगात जाड सूट, घाम वाळत नाही, अंग तापत जातं. हवा संपत आली की शिट्टी वाजते. माणूस संपत आला की काहीच वाजत नाही.

दादा पोलादपूरकडचे, कापडे गावाच्या वरच्या वाडीतले. निवृत्तीला आलेत, तरी सुट्टीत गवताचे भारे घेऊन चढण चढतात. मास्कमध्ये सावकाश श्वास घ्यायला मला त्यांनीच शिकवलं. त्या दिवशी मात्र आत मला त्यांचाच श्वास ऐकू येत होता. बाहेर आल्यावर त्यांना मास्कचा पट्टा सुटेना. मी सोडवला, तर चेहरा पांढराफटक.

"दादा, बसा जरा."

"मी दमलो नाय रे. सिलिंडर लाव."

बाहेर उभ्या असलेल्या आमच्या साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी सगळ्यांसमोर दादांना बाजूला केलं असतं. ते मला नको होतं. आमच्यात आत जायचं ते जोडीनं. एक अडला की दुसराही थांबतो. बदली जोडी मास्क लावून तयारच होती. मी खाली बसलो आणि म्हणालो, मला चक्कर येतेय.

साहेबांनी लगेच ती जोडी आत पाठवली. दादा माझ्याशेजारी टेकले, माझ्या सूटची चेन उघडली, मला ओआरएस पाजायला लागले. दोन घोट घेतले की मी बाटली त्यांच्या हातात द्यायचो. थोड्या वेळानं त्यांना उलटी झाली. मग ते उठायचं नाव घेईनात.

दुसरा कामगारही जिवंत बाहेर आला.

परतताना गाडीत दादा हळूच म्हणाले, "तुला चक्कर आली नव्हती."

"नाही."

"मला आलती."

दमलेल्या माणसाला दमलास का, असं विचारून उपयोग नसतो. आता आमच्याकडे बाहेर आलेला प्रत्येक जण आधी बसतो, पाणी पितो, नाडी दाखवतो. हे सगळं दादाच करून घेतात. स्वतः मात्र पाणी उभ्यानंच पितात.