आईचं नाव मुक्ता

"मुक्ता तर आमच्या नव्या सुनंचं नाव हाय," मालकीण ओसरीवरून म्हणाली. "एका घरात दोघी कशाला? तू आजपून दगडी."

आई शेणाची पाटी घेऊन अंगणात उभी होती. मी सात वर्षांची, तिच्या मागे. आई म्हणाली, "हाव, मालकीणबाई." तेवढंच. संध्याकाळपर्यंत गडीमाणसं तिला दगडी म्हणू लागली. आठवड्यात उदगीरजवळचं आमचं सगळं गाव. पुढे बापही.

मुक्ता हे नाव माझ्या आजीनं ठेवलेलं. ती देगलूरकडची, निम्मं तेलुगू बोलायची. तिकडे मोत्याला मुत्यम म्हणतात. लातूरला कॉलेजात असताना मी कोश उघडून बसायचे. संस्कृतात मुक्ता म्हणजे मोती. कन्नडमध्ये मुत्तु. शब्द कोणत्या भाषेतून कुठे गेला, यावर विद्वान अजून भांडतात. मालकिणीनं एका वाक्यात निकाल लावला होता. तिला अक्षरओळख नव्हती. मालकी तेवढी कळत होती.

गेल्या आठवड्यात आई गेली. तिसऱ्या दिवशी गावच्या चौकात बॅनर लागलं. कै. दगडाबाई यांना भावपूर्ण श्रद्धांजली. आईचा फोटो बोटभर. शेजारी हात जोडलेला मालकिणीचा नातू, पुरुषभर उंच. त्याला निवडणूक लढवायची आहे, आमच्या वस्तीची मतं हवी आहेत. दुःखसुद्धा हे लोक छापून आणतात.

मी नांदेडला ग्रंथपाल आहे. आवाज चढवायची सवय नाही. तो चौकातच भेटला, तेव्हा इतकंच सांगितलं, आईचं नाव मुक्ता होतं, तेच घाला.

तो हसला. "मॅडम, मुक्ता तर आमची आई. ती जिती हाय. तसं छापलं तर सारं गाव रडत आमच्या दारात येईल की."

सोबतचे चौघे हसले. माझी आई मेली, तरी नाव त्यांच्याच घरचं.

शेजारच्या हॉटेलातून मी सुरी मागून घेतली. तिथल्याच स्टुलावर चढले. चारही दोऱ्या कापल्या. बॅनर धुळीत पडलं. कुणी अडवलं नाही.

उद्या त्याच खांबांना मी आईचं बॅनर लावणार आहे. नाव मुक्ता. दुसऱ्या कुणाचाही फोटो नाही. उतरवलं तर पुन्हा लावीन. लोक त्याच्या दारात रडायला गेले तर जाऊ देत. येणाऱ्या प्रत्येकापुढे त्याला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागेल, मेली ती दुसरी मुक्ता.