अर्ध्यावर अडलेली अँटेना

बाबांचं हृदयाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी कल्याणला होतं, आणि मी मुरबाडच्या घरासमोर त्यांच्या जुन्या गाडीच्या अँटेनाशी झटत होतो. रेडिओ लावला की ही अँटेना आपोआप वर यायची, बंद केला की आत जायची. हल्ली ती अर्ध्यावर अडायची आणि मोटर नुसती घरघरायची. बाबांचा हट्ट एकच. जाईन तर याच गाडीतून, आणि अँटेना पुरी वर पाहिजे. अडलेली वस्तू घेऊन अशा कामाला निघायचं नाही म्हणे! शहापूरचा मेकॅनिक "कापून टाका" म्हणून मोकळा झाला होता. इथे उद्यावर ऑपरेशन आणि यांना अँटेनाचं पडलंय, म्हणून डोकं तापलेलं.

"लाव रेडिओ!" मी ओरडलो. आत बसलेल्या आईनं बटण फिरवलं. वरचा नट मी काढला होता. मोटरनं ढकललेली अँटेना तिच्या दातेरी प्लॅस्टिकच्या दोरीसकट ओढून काढली. एकात एक बसणाऱ्या नळ्यांवर लालपिवळा चिकट थर होता. वास घेतला. तिळाचं तेल, हळद, कुंकू.

दर दसऱ्याला गाडीची पूजा आईच करायची. बॉनेटला नुसती बोटं, पण अँटेनाला बुडापासून शेंड्यापर्यंत तेल लावून हळदकुंकू. गाडीत वर चढणारी तेवढीच एक गोष्ट, म्हणून मान तिचा मोठा.

मी तोंड उघडणार, तोच ओट्यावरून बाबांनी हाक मारली. जवळ गेल्यावर हळूच म्हणाले, "मला ठावं हाय रे. तिला काय बोलू नको. माझ्यासाठीच करते ती."

मग राग कुणावर काढायचा? नळ्यांवर काढला. पेट्रोलच्या फडक्यानं घासघासून पुसल्या. दोरीचं टोक आत सोडलं, आईला बंद कर म्हटलं, मोटरनं ती ओढून घेतली. नट आवळला. लाव, बंद कर, लाव.

"झाली काय रे?" आईनं काच खाली करून विचारलं. अँटेना सरसर पुरी वर गेली होती.

सकाळी हॉस्पिटलच्या दारात मी रेडिओकडे हात नेला. बाबांनी माझं मनगट धरलं. त्यांचा तळवा घामानं ओला होता. इतकं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"बंद नको करू," ते म्हणाले. "खाली जाईल ती."

आई त्यांना धरून आत घेऊन गेली. मी गाडीत खतांच्या जाहिराती ऐकत बसलो. बॅटरी उतरणार हे कळत होतं, पण बटणाला हात लावायची हिंमत झाली नाही.