कच्चा शिधा

ये गं, अशी जवळ बस. तू पुण्यात आहेस ते मला कळतंय, पण हे वाचताना माझ्या चुलीपाशी पाटावर बसलीस असं धर. मोबाइल पालथा ठेव. आज्जीला फसवतेस व्हय गं?

दिवाळीला मैत्रीण आणलीस. नाव सांगितलंस आपल्यातलं. वर तिच्या कपाळाला टिकली लावलीस. पोर गुणाची, चार दिवस माझ्याबरोबर चकल्या पाडत होती. जायच्या दिवशी कढईपाशी हळूच म्हणाली, "आजी, माझं नाव ते नाही. तुमच्या हातचं खाल्लं, आता खोटं पचेना." आणि खरं नाव सांगितलं. मी झारा हातात धरून तशीच उभी. चकल्या करपल्या.

तुझा लई राग आला. मग वाटलं, माझ्या नातीनं खोटं काहून सांगितलं असंल? तुला या घराची भीती वाटली. ती भीती कुठून आली ते मला ठाऊक हाय, म्हणून लिहायला बसले.

तुझा बाप चारचौघांत सांगतो, आमच्या आईची एक मुसलमान मैत्रीण होती, ईदला तिच्याकडून ताट यायचं. हो, यायचं. ताटात काय असायचं ते तो सांगत न्हाई.

तेव्हा आमी चौसाळ्याला होतो. रस्त्यावर तुझ्या आजोबांचं किराणा दुकान आणि मागं घर. भिंतीला भिंत लागून ती राह्यची. तिचा नवरा कापूस पिंजून गाद्या भरायचा. मी तिला भाबी म्हणायची, ती मला आक्का. दुपारची भांडी झाली की आमी दोघी ओट्यावर. माझी बाळंतपणं तिनं काढली, तिच्या पोरींची डोकी मी विंचरली. दिवाळीला माझ्या घरचा फराळ तिच्याकडं जायचा आणि ती पोरांसंगं चाटूनपुसून खायची. ईदला तिच्याकडून यायचं ते कोरडं. शेवया, साखर, खारीक, चारोळी. कच्चा शिधा. का, तर आपण लिंगायत, तिच्या चुलीवरचं आपल्याला चालत न्हाई. मग मी आपल्या दुधात, आपल्या पातेल्यात खीर करायची आणि वर म्हणायची, "भाबी, शेवया लई बारीक गं तुझ्या!" सोळा वर्षं तिनं माझ्या हातचं खाल्लं, मी तिच्या हातचा घास खाल्ला न्हाई. ह्याला आमी एकोपा म्हणायचो. थू.

मग तिच्या थोरलीचं लग्न ठरलं. तेव्हा गल्लीत नवीनच केबल आली होती, आजोबांनी दुकानात थंड्याच्या बाटल्यांसाठी फ्रीज घेतला होता. आणि लांब कुठं कुठं पाडापाडी, जाळपोळ झाली होती, तिची बातमी घरोघर रंगीत दिसायची. आमच्या गावात काडी पेटली न्हाई. नुसती माणसं हळू बोलायला लागली.

भाबीनं आमच्यासाठी वेगळी पंगत धरली. मांजरसुंब्याहून आपल्या जातीतला आचारी आणला. भांडी आपल्या मठातली. पाणी आमच्या आडाचं. मटणाचा वास येऊ नये म्हणून चूल तिच्या मांडवापासून लांब, आमच्या घरामागं रिकाम्या जागेत खणली. पंधरा दिवस आधी माझा हात धरून म्हणाली, "आक्का, पहिल्या पानावर तुमी बसा. तुमी बसल्या की बाकीच्या बसत्यात." मी म्हणाले, "बसते की गं! न बसून कुठं जाते?"

लग्नाच्या दिवशी सकाळी दुकानापुढं गल्लीतले बाप्ये जमले. एक म्हणाला, "औंदा नको. दिवस बरे न्हाईत." दुसरा म्हणाला, "आपली पोरं तापल्यात." तिसरा तर, ज्याची गादी भाबीच्या नवऱ्यानं गेल्या महिन्यात भरून दिली होती, तो म्हणतो, "त्यांचं त्यांनी बघावं." आणि त्याच वेळी आमच्या दुकानातून थंड्याचे क्रेट हातगाडीवर लादून लग्नाला चालले होते. बाटल्या गेल्या. माणसं न्हाई गेली.

मी इरकल नेसून तयार. आजोबा आत आले. "जाऊ नको."

"मी शब्द दिलाय तिला."

"डोकं दुखतंय म्हणून सांग. आपल्याला या गावात दुकान चालवायचंय."

आजोबांवर मी जन्मभर धुसफुसले. पण खरं सांगू? माझे पाय कुणी बांधले नव्हते. दाराला कडी नव्हती. वीस पावलांवर पंगत.

मी खिडकीतून बघत राह्यले. पत्रावळी मांडलेल्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून एकेकीवर खडा ठेवलेला. आचारी दोनदा मांडवात जाऊन विचारून आला, "पानं वाढू का?" वरणाला साय धरली. दुपार टळली तसा तो एकटाच खाली बसला आणि जेवला.

थोड्या वेळानं मागच्या दारी भाबी. नवरीची आई, हाताला मेंदी, आणि हातात ताट, वर कोरा रुमाल. रुमालाखाली हरभऱ्याची डाळ, गूळ, गव्हाचं पीठ, तुपाची वाटी.

"आक्का, चूक माझीच झाली," ती म्हणाली. "आचारी तुमच्यातला, भांडी तुमची, पण सामान आमच्या मांडवातून गेलं. कुणाच्या मनाला आलं नसंल. हे कोरडं हाय, दुकानातून आत्ता आणलं. तुमच्या चुलीवर करा. लेकीच्या लग्नाचं गोड तोंडात पडावं."

बाईला वाटलं, शिजवण्यात चूक झाली! अगं, कुणी एकानं तरी तिला सांगायचं होतं, की बाई, तुझ्या स्वयंपाकाला कुणी बाटलेला म्हणत न्हाई, तुलाच म्हणतंय. मी सांगायला हवं होतं.

मी म्हणाले, "डोकं लई दुखतंय गं." अंगावर इरकल होतं, तिच्या लेकीच्या लग्नासाठी नेसलेलं. ती माझ्या पदराकडं बघत होती. मी ताट घेतलं.

आणि दुसऱ्या दिवशी त्या डाळीचं पुरण घातलं, पोळ्या केल्या आणि आमी समदी खाल्ली. तुझा बाप चार पोळ्या जेवला. त्याला एवढंच आठवतं, भाबीकडून ताट आलं होतं.

दोन वर्षांत ती माणसं बीडला गेली, त्यांच्यातल्या मोहल्ल्यात. भांडण न्हाई, तंटा न्हाई. जाताना मला सांगितलं न्हाई, तेवढाच तिचा राग. लई थोडा केला बाई तिनं. नंतर ओट्यावर आमी बसायचो त्या समद्या एकाच पिठाच्या, आपल्या जातीतल्या. बीड काय लांब होतं? एस्टी दारावरून जायची. मी गेले न्हाई. आता ती हयात हाय का न्हाई, मला ठाऊक न्हाई.

म्हणून सांगते, परत त्या पोरीच्या कपाळाला टिकली लावून आणलीस तर दारातून माघारी धाडीन. तुलाच, तिला न्हाई. तुझा बाप तोंड वाकडं करील. करू दे, तोंड त्याचं हाय, घर माझं हाय.

आणि तिच्या आईला सांग, लेकीबरोबर डबा द्या. शेवया असू दे, खीर असू दे. मटण तेवढं नको, ते मी खात न्हाई, आणि आता दात बी न्हाईत. पण कोरडं धाडू नका म्हणावं. तुमच्या चुलीवर शिजवलेलं द्या. मी पहिल्या पानावर बसून खाणार हाय. थकले गं आता, लई दिवस लावू नको. दोघी या.