बटव्यांनी ठेवलेलं पाऊल

न्यू जर्सीत मी आजवर पाऊलही ठेवलेलं नाही, तरी आमचं दुकान तिथे नोंदणीकृत विक्रेता आहे.

दुकान बायकोचं. माधवी जॉर्जियात, अल्फारेटातल्या आमच्या बेसमेंटमध्ये खणाचे बटवे शिवते आणि स्वतःच्या वेबसाइटवर विकते. दुकान छोटं राहावं, शिवण्यातली मजा टिकावी, एवढीच तिची इच्छा. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. मला छोटं काही बघवतच नाही!

गेल्या संक्रांतीआधी न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या सुनीतीताईंचा फोन आला. हळदीकुंकवाला वाण म्हणून सगळ्याजणींसाठी बटवे हवे होते. माधवीच्या हातातून मी फोन घेतलाच.

"एकगठ्ठा ऑर्डर कशाला, ताई? प्रत्येकीने आपल्या मैत्रिणीसाठी वेगळी करायची. रंगही मनासारखा मिळेल."

"अहो, पण वाण एकीलाच कसं देणार? निदान पाचजणींना तरी द्यायला हवं."

"मग पाच ऑर्डरी करा!" (ऑर्डरींचा आकडा वाढताना बघायला मला फार आवडतं. माणसाला काहीतरी छंद हवा.)

ऑर्डरींचा पाऊस पडला. इथल्या मंडळाच्या पुढच्या पिकनिकला मी शेवडेकाकूंपुढे फुशारकी मारली. काकू निवृत्त अकाउंटंट. त्यांनी हातातली भेळ खाली ठेवली.

"एकट्या न्यू जर्सीत दोनशेच्या वर ऑर्डरी? अरे, मग तिथला सेल्स टॅक्स लावायला हवा! रजिस्टर केलंस का?"

"काकू, आपण जॉर्जियात राहतो! आणि विक्री तर चिल्लर आहे!"

"काही राज्यं फक्त रक्कम बघतात, हे राज्य ऑर्डरीही मोजतं. एकच मोठी ऑर्डर असती ना, तर कुणी विचारलं नसतं."

"पण मी तिथे कधी पाऊलसुद्धा ठेवलं नाही!"

"तुझ्या बटव्यांनी ठेवलंय ना."

माधवी गाडीत एवढंच म्हणाली, "मी दुकान बंद करते." मला खरंच फार वाईट वाटलं.

घरी येऊन मी नियम वाचायला बसलो आणि चक्क रमलो! प्रत्येक राज्याचं मत वेगळं. एक खाऊवर टॅक्स लावतं, दुसरं लावत नाही. आणि न्यू जर्सीत साध्या कपड्यांवर टॅक्सच नाही!

"माधवी, सुटलो! बटवा म्हणजे कपडाच की!"

"मग घालून दाखव."

मी सर्वांत मोठा बटवा डोक्यावर चढवला आणि टोपी नीट बसावी म्हणून नाडी ओढली. ती कानांवर जी आवळली, ती सुटेना.

"डॅड, दॅट्स अ बॅग," लेकीने निकाल दिला आणि फोटो काढला.

माधवी खाली बसून हसली. अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत! मग कात्रीने नाडी कापता कापता म्हणाली, "दुकान चालू ठेवते. पण टॅक्सचं सगळं तू बघायचंस."

यंदा घरच्या हळदीकुंकवाला सगळ्या बायका गेल्यावर तिने मलाही एक बटवा दिला. आत न्यू जर्सीच्या टॅक्स खात्याचा पासवर्ड होता.

"तिळगूळ घे," ती म्हणाली, "आणि रिटर्न भर."

वाण मिळालेला मी आमच्या घराण्यातला पहिलाच पुरुष!