सर्व्हरकाकांचे यशस्वी बॅकअप

कंपनी रबराच्या रिंगा बनवायची. पंपात, नळात, जिथून म्हणून पाणी गळू नये तिथे बसणाऱ्या रिंगा. सर्व्हरकाकांचं कामही त्याच जातीचं, फक्त ते मेल गळू देत नसत. निदान तसा त्यांचा समज होता, आणि तो समज त्यांनी चार लोकांत जपून वाढवला होता.

त्यांची खोली जिन्याखाली. पूर्वी तिथे झाडू आणि बादल्या असत. सर्व्हर आल्यावर बादल्या गेल्या, थंड हवेचं यंत्र आलं आणि काका बारा महिने स्वेटर घालू लागले. नव्या माणसाला वाटे, यांना कसलं तरी दुखणं आहे. काकांना ते आवडायचं. स्वेटरमुळे आपण मोठे तंत्रज्ञ दिसतो, असं त्यांना वाटे. खरं तर ते त्यात गारठलेल्या चौकीदारासारखे दिसत, हे त्यांच्या मुलीने त्यांना फोटो काढून दाखवलं होतं.

दर कामाच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काका बॅकअप घेत. वारानुसार पाच डिस्का होत्या. त्या वाराची डिस्क लावायची, बटण दाबायचं आणि डबा उघडायचा. डबा संपेपर्यंत पडद्यावर हिरवी खूण येई. मग वहीत तारीख, पुढे ‘यशस्वी’ असा शेरा आणि खाली झोकदार सही. आदल्या दिवशीची डिस्क डब्याच्या पिशवीतून घरी जाई, म्हणजे उद्या कचेरीला आग लागली तरी मेल काकांच्या कपाटात सुखरूप.

“लोक ऑफिसातून काही कामाचं घरी आणतात,” बायको म्हणायची, “तुम्ही दुसऱ्यांची पत्रं आणता. तीही न वाचता!”

वाचायची नाहीतच, हे काकांचं तत्त्व होतं. उघडूनसुद्धा बघायची नाहीत. या तत्त्वाचा त्यांना फार अभिमान होता.

एका मंगळवारी सर्व्हरची मेलवाली डिस्क गेली. दुरुस्तीवाल्याने ती कानाशी धरली, आतली करकर ऐकली आणि मान हलवली. कचेरीत हलकल्लोळ माजला. काका मात्र शांत. इतकी वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस उजाडला, याचा त्यांना आनंदच झाला होता, आणि तो लपवण्यासाठी त्यांनी चेहरा गंभीर केला होता.

दुपारी डिस्पॅचच्या ताई जिन्याखाली आल्या. माल पाठवण्याचं काम त्यांच्याकडे. गेल्या महिन्यात एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे जुन्या मापाच्या रिंगा गेल्या आणि त्यांचे पंप गळायला लागले. विक्रीसाहेब म्हणत होते, जुना माल थांबवा असं मी तोंडी सांगितलं होतं. ताई म्हणत होत्या, जुनाच पाठवा असं तुम्ही मेलवर लिहिलं होतं. आता मेलच गायब.

“मोठ्या साहेबांनी उद्या अकराची वेळ दिलीय, काका. मेल दाखवा, नाहीतर घरी बसा म्हणाले. तुमच्याकडे असेल ना?”

“आपल्याकडे सगळं असतं, ताई,” काका म्हणाले. एवढ्यावर थांबायचं, तर पुढे म्हणाले, “तुम्ही घरी जाऊन निवांत झोपा.”

ताईंचा जीव भांड्यात पडला. त्या गेल्या. काकांनी नवी डिस्क बसवली आणि सोमवारचा बॅकअप तिच्यावर उतरवायला घेतला. हे काम ते आयुष्यात पहिल्यांदाच करत होते. बॅकअप घेण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. घेतलेला परत उतरतो का, हे बघायचं मात्र कधी सुचलं नव्हतं. पण उतरला. सगळ्यांची नावं दिसली, ताईंचंही. काकांनी ताईंची पेटी उघडली आणि सगळ्यात वरचं, म्हणजे सगळ्यात ताजं मेल पाहिलं.

ते तीन वर्षांपूर्वीचं होतं. लिहिणारे खुद्द सर्व्हरकाका. ‘सर्वांचे मेल नव्या, मोठ्या डिस्कवर हलवले आहेत. कोणाचंही एक अक्षर हरवलेलं नाही. निश्चिंत असावे.’

काकांनी मुलीकडून घरच्या डिस्का मागवून घेतल्या. शुक्रवारची लावली, मग गुरुवारची, मग बुधवारची. प्रत्येकीत वरती तेच मेल, निश्चिंत असावे. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तोंडचं पाणी पळालं. मेल नव्या डिस्कवर हलवले तेव्हा जुन्या जागेची प्रत त्यांनी पुसली नव्हती. असू द्यावी, लागली तर? आणि बॅकअपला नवा पत्ता द्यायचं राहून गेलं. जुनी प्रत पुसली असती तर बॅकअपने दुसऱ्याच दिवशी बोंब मारली असती. पण काका पडले सावध! त्यामुळे बॅकअप रोज इमानेइतबारे त्याच जुन्या मेलच्या प्रती काढत राहिला आणि काका डबा खाऊन सातशेच्या वर वेळा ‘यशस्वी’ लिहीत राहिले.

कोणाच्या संगणकावर तरी असेल, असं क्षणभर वाटलं. पण मेल सर्व्हरवरच राहतील, कोणीही आपल्याकडे प्रती ठेवून पसारा करू नये, हा नियम कोणाचा? काकांचाच. लॅमिनेट करून भिंतीवर लावलेला.

घरी चहा घेताना त्यांनी सगळं सांगून टाकलं.

“डिस्का खराब झाल्या म्हणून सांगतो,” ते म्हणाले. “कोणाला काय कळतंय? चार महिन्यांनी निवृत्त होतोय. शेवटी शेवटी कशाला शोभा करून घ्यायची?”

“आणि त्या बाई?” बायकोने विचारलं.

“त्यांचं... बघतील साहेब.”

“बाबा,” मुलगी म्हणाली, “त्या आज निवांत झोपणार आहेत. तुम्ही सांगितलंय म्हणून.”

काकांनी कप खाली ठेवला. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती नेहमीसारखी विनोद करून झटकता येईना.

दुसऱ्या दिवशी अकराला ते वही काखोटीला मारून मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ताई उभ्या होत्या. विक्रीसाहेब खुर्चीच्या टोकावर बसले होते आणि काकांच्या हाताकडे बघत होते.

“मेल मिळालं नाही,” काका म्हणाले.

विक्रीसाहेब खुर्चीत मागे रेलले. “मिळणार कुठून? मी पाठवलंच नव्हतं.”

“तसं नाही, साहेब. ताईंचं एकच नाही, कोणाचंच तीन वर्षांतलं एकही मेल मिळालं नाही. मी चुकीच्या जागेचा बॅकअप घेत होतो.” काकांनी वही टेबलावर उघडली. “या सगळ्या सह्या माझ्या. एकीलाही अर्थ नाही. मला काय करायचं ते करा. पण जे मेल मी हरवलं, ते नव्हतंच असं कसं धरणार? माझ्या गाढवपणाची शिक्षा यांना नको.”

मोठ्या साहेबांनी वहीची पानं उलटली. बराच वेळ उलटली. मग विक्रीसाहेबांना म्हणाले, “पाठवलं होतं की नाही? एका शब्दात.”

“आता तसं... इतकी मेलं असतात. पाठवलं असेलही.”

“आत्ता तर नव्हतंच म्हणालात.”

विक्रीसाहेब पुन्हा खुर्चीच्या टोकावर आले. ताईंची नोकरी राहिली. सर्व्हर त्याच दिवशी बाहेरच्या एका कंपनीकडे गेला, आणि काकांना उरलेले चार महिने स्टेशनरीच्या खोलीत पेन आणि कागद वाटायला बसवलं. तिथे स्वेटर लागत नव्हता.

संध्याकाळी ताई तिथे आल्या. काका उठून उभे राहिले. आता या आभार मानतील, मग आपण ‘अहो, त्यात काय’ म्हणू, असं त्यांनी मनात जुळवूनही ठेवलं.

“काका,” ताई म्हणाल्या, “पूर्वी मी प्रत्येक मेल छापून फाईलला लावायचे. तुम्ही आहात म्हणून ते सोडलं.”

जुळवून ठेवलेलं वाक्य वाया गेलं. “चुकलो, ताई,” काका म्हणाले. मग वळून त्यांनी फळीवरून कागदांचं एक बंडल काढलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं.

ताईंनी बंडलाकडे पाहिलं, मग काकांकडे.

“दोन द्या,” त्या म्हणाल्या.